पश्चात

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेला रस्ता औद्योगिक वसाहतीत शिरला, हे डोळ्यांच्या आधी कानांना कळते. चादरी आणि टेरी टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या ज्या खडखडाटात मागवाला शेजारच्या मागावरील माणसाशी ओठांच्या हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी बोलतो, तो नवख्याला असह्य वाटतो. आणि पाळी सुटल्यावर टपरीवर चहा पिणारी मंडळीही जरा चढ्या आवाजातच बोलतात, कारण सोबत्याला ऐकू येत असेल यावर त्यांचा विश्वास उरलेला नसतो. ज्या घरातील माणसाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले, त्या घरी जाऊन केवळ ऐकणे ही एक विद्या आहे आणि ती शिकवावी लागते, हा विचार माझ्या मनात प्रथम या गोंगाटात आला.

आपल्या वृत्तपत्रांतील निधनवार्तांचे एक ठरीव वाक्य आहे : त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सून, नातवंडे असा परिवार आहे. आत्महत्येच्या बातमीत हे वाक्य बहुधा नसते. तेथे ठाण्याचे नाव असते, तर्क असतो आणि ‘कारण अद्याप अस्पष्ट’ अशी पुस्ती असते. पश्चात कोणी राहिले आहे याची दखल घेण्यास जागा उरत नाही. एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मागे राहिलेल्यांच्या शुश्रूषेसाठी एक स्वतंत्र इंग्रजी शब्द घडवला. आपल्याकडे त्यासाठी ‘पश्चात’ हा शब्द निधनवार्तेत आयता पडून आहे. एका आत्महत्येची झळ सहा जणांना लागते, असा हिशेब पूर्वी रूढ होता. ज्युली सेरेल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने अशा मृत्यूशी संबंध येणाऱ्या माणसांची संख्या १३५ वर नेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, पैकी २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. गुणाकार वाचकाने स्वतःच करावा; चाळीत आणि भावकीत जगणाऱ्या आपल्या समाजात तो परका आकडा कमीच पडेल, अशी मला शंका आहे.

या घरांवर पहिले संकट मृत्यूचे, आणि दुसरे प्रश्नांचे. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, आणि अश्रू वाळण्यापूर्वी पत्नीचा, भावाचा, आईचा जबाब घेतला जातो. कायद्याला हे करावेच लागते, त्यात अंमलदाराचा दोष नाही. घर शेतकऱ्याचे असेल तर २००६ च्या शासननिर्णयानुसार मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी सातबारा कोणाच्या नावे होता, कर्ज कोणाचे होते, वसुलीचा तगादा होता की नव्हता, याची चौकशी होऊन प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते; म्हणजे मरणाचीही एक परीक्षा असते आणि तिचा निकाल विधवेला दप्तरात हेलपाटे घालून आणावा लागतो. त्याच्यावर ताण सांत्वनाला येणाऱ्यांची. ‘घरात काही भांडण झालं होतं का?’, ‘तुम्हाला आधी काहीच कसं कळलं नाही?’ ही विचारपूस अंमलदाराच्या जबाबाहून निर्दय असते, कारण तिच्यावर सही करून सुटता येत नाही. तेरावे उरकले की ही माणसे येईनाशी होतात. आणि खरे दुःख, जे आतापर्यंत गर्दीमुळे दाराबाहेर तिष्ठत उभे होते, ते तेव्हा घरात येते.

सामान्य माणसाला ऐकण्याच्या कामासाठी तयार करता येते, हा शोध जवळजवळ अपघाताने लागला. लंडनमधील चॅड वारा या धर्मोपदेशकाने १९५३ साली, आत्महत्येचा विचार करणाऱ्यांनी आपल्याला दूरध्वनी करावा किंवा भेटावे, असे जाहीर केले. भेटीला येणाऱ्यांची रांग लागली, आणि रांगेतील लोकांना चहा देण्यासाठी, चार शब्द बोलण्यासाठी काही साधी माणसे मदतीला आली. लवकरच वारा यांच्या ध्यानात आले की, कित्येक जण बाहेर चहा पिता पिताच मन मोकळे करून आत न येता परत जात होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ते काम त्या चहावाल्या मंडळींच्या स्वाधीन केले. स्वतःपेक्षा आपला चहा अधिक गुणकारी आहे, हे कबूल करणारा धर्मोपदेशक विरळा. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. पुढे १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ स्थापन केली; पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर हेल्पलाइन चालवते, आणि आप्त गमावलेल्यांना आधार देण्याचे कामही करते. अमेरिकेतील बॅटन रूज शहरात फ्रँक कॅम्पबेल यांनी पुढचे पाऊल टाकले : ज्यांच्या घरी असा मृत्यू पूर्वी घडला होता, त्यांनाच तयार करून ते नव्या घरी धाडू लागले. मात्र स्वतःची जखम ताजी असलेल्याला लगेच पाठवू नये, मध्ये पुरेसा काळ जाऊ द्यावा, हा दंडक अशा कामात सहसा पाळला जातो.

अशा तालमीत शिकवतात त्यापेक्षा विसरायला लावतात ते अधिक. ‘देवापुढे कुणाचं चालतं?’, ‘आता मुलांकडे बघ’, ‘काळ हेच औषध’ ही आपली पिढीजात वाक्ये प्रथम काढून ठेवावी लागतात. दोघांना समोरासमोर बसवून एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने सल्ला न देता, स्वतःची हकिकत न सांगता ऐकायचे, हा सराव वरकरणी पोरखेळ वाटतो; पण समोरचा गप्प झाला की तोंड उघडल्यावाचून आपल्याला राहवत नाही, हे बहुतेकांना तेथे प्रथम कळते. मग भाषा : ‘आत्महत्या’ या शब्दातच ‘हत्या’ आहे, म्हणून ऐकणाऱ्याने तो आपण होऊन उच्चारू नये, घरचे लोक ‘गेले’ म्हणत असतील तर ‘गेले’, ‘बरंवाईट करून घेतलं’ म्हणत असतील तर तेच. अपवाद एकच. मागे राहिलेल्याच्या बोलण्यात स्वतःच्या मरणाची छाया दिसली, तर तसा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारलेच पाहिजे; विचारल्याने तो विचार रुजतो, ही समजूत खोटी आहे. मग डॉक्टरांपर्यंत त्याची सोबत करणे, ऑक्टोबर २०२२ पासून मराठीसह अनेक भाषांत चालणाऱ्या टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याला स्वतः लावून देणे, हेही त्याच शिकवणीत येते. आणि परतल्यावर स्वयंसेवकाचे मन हलके करणारा एखादा अनुभवी माणूस हवा, अन्यथा दोनचार घरांनंतर तोच खचतो.

सोलापुरात या विद्येला आणखी एक अट पडते. पूर्वभागातील पद्मशाली घरात व्यवहार मराठीत आणि विलाप तेलुगूत होतो. पलीकडच्या गल्लीत तो कानडीत, त्यापलीकडे दखनीत. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तेथल्या बाईजवळ बसायला पुण्याहून आलेला सुशिक्षित तज्ज्ञ नव्हे, तर पाने कातरता कातरता ऐकणारी शेजारीण हवी. अक्कलकोट रोडवरच्या जॉबरला, कांडी भरणाऱ्या बाईला ही तालीम देणे अशक्य नाही. ओठ वाचण्याची त्यांची सवय तर जुनीच आहे.

या तालमीत एक प्रश्न मात्र मोकळा ठेवलेला असतो. जाणारा कसा गेला हे सगळ्यांनी विचारून झालेले असते. तो कसा होता, हे सहसा कोणी विचारलेले नसते. ‘त्यांच्याविषयी काही सांगाल?’ एवढेच स्वयंसेवक विचारतो. मग कधी रात्रपाळीहून येताना मुलांसाठी आणलेल्या भज्यांची गोष्ट निघते, कधी काहीच निघत नाही. न निघाली तर पुढच्या आठवड्यात याच वेळी येतो असे सांगून तो उठतो, आणि त्या वेळी येतो.