खाणे बिघडते तेव्हा

आपण कसे दिसतो याचे मनात तयार झालेले चित्र म्हणजे शरीरप्रतिमा. ते आरशापेक्षा आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यातून जास्त घडते. मुलगी वयात येऊ लागली की नातेवाईक तिच्या अंगकाठीवर उघडपणे बोलतात: बारीक झाली तर कौतुक, सुटली तर काळजी. पुढे स्थळे पाहताना शिक्षण-नोकरीच्या जोडीला ‘गोरी, सडपातळ’ ही अपेक्षा छापून येते. बाळंतपणानंतर तीच मोजदाद पुन्हा सुरू होते. यात टोचून बोलायचा हेतू बहुधा नसतो. तरी वर्षानुवर्षे असे ऐकणाऱ्या बाईला स्वतःचे शरीर सतत तपासत राहण्याची सवय लागते, आणि त्या तपासणीतून लाज, चीड, भीती उपजत राहते.

आता प्रश्न येतो तो या भावनांचे काय करायचे याचा. राग किंवा दुःख ओळखणे, कुणाजवळ बोलणे, थोडा वेळ सहन करणे, प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणे, या सगळ्याला मानसशास्त्रात भावनांचे नियमन म्हणतात. अनेक घरांत मुलींना यातले फारच थोडे शिकवले जाते. गप्प बसायला मात्र नीट शिकवले जाते. दाबलेली भावना विरत नाही, आणि मग अन्न हे तिला आवरण्याचे हाताशी असलेले साधन ठरते. काही जणी खाणे तोडतात, कारण निदान ताटावर तरी त्यांची सत्ता चालते. काही जणी थोड्या वेळात पोट दुखेपर्यंत खातात, कारण तेवढा वेळ डोक्यातला गोंगाट थांबतो. स्वतःविषयीची बोचरी जाणीव बंद करण्याची ही धडपड असते, अशी मांडणी हीदरटन आणि बाउमायस्टर यांनी १९९१ मध्ये केली. खाऊन झाले की अपराधीपणा येतो, त्यापाठोपाठ ओकारी काढणे, जुलाबाच्या गोळ्या, अति व्यायाम किंवा दुसऱ्या दिवशीचा कडक उपास. उपासामुळे भूक साठते आणि चक्र पुन्हा फिरते.

या चक्राला मनाचा दुबळेपणा म्हणणे चूक आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण मनाने खंबीर म्हणून निवडलेले होते. तरी त्यांच्या बोलण्यात आणि विचारांत अन्नच भरून राहिले, चिडचिड व उदासी वाढली, आणि जेवण पूर्ववत झाल्यावरही काहींना खाणे आवरेना. उपाशी शरीरच अन्नाचा ध्यास निर्माण करते. कडक डाएट मोडले म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येक मुलीला हे कळायला हवे.

डॉक्टर खाण्याच्या या विकारांचे मुख्यतः तीन प्रकार मानतात. अ‍ॅनोरेक्झियात खाणे तोडल्याने वजन धोकादायक पातळीपर्यंत घटते. १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी वर्णन केलेल्या बुलिमियात अतिखाणे आणि ते बाहेर काढणे असते, पण वजन बहुतेकदा नेहमीसारखेच राहते. वारंवार होणाऱ्या नुसत्या अतिखाण्याला २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान आहे. म्हणजे दिसण्यावरून विकार ओळखता येत नाही. वारंवार ओकारी काढल्याने रक्तातले पोटॅशियम घटते, हृदयाची लय बिघडते, दातांचे कवच झिजते. उपासमारीने पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. अ‍ॅनोरेक्झिया हा सर्वाधिक मृत्यू घडवणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे.

हे पाश्चात्त्यांचे दुखणे, असा समज दीर्घकाळ होता. पण फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तोवर वजनासाठी ओकारी काढणाऱ्या शाळकरी मुली तिथे आढळत नव्हत्या. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के असल्याचे अ‍ॅन बेकर यांना दिसले. भारतीय रुग्णांत तर आजार अनेकदा वेगळे रूप घेतो: ‘जाड होईन’ असे न म्हणता त्या ‘पोट फुगते, भूकच नाही’ असे सांगतात, म्हणून आधी पोटाचेच उपचार होतात. महाराष्ट्रात आजाराला उपवासांचा आडोसाही मिळतो. संकष्टी, एकादशी, नवरात्र बहुतेकींना काही त्रास देत नाहीत. पण उपवास वाढतच चालले, आणि ते सोडायची भीती वाटू लागली, तर भक्तीच्या पलीकडचे कारण शोधायला हवे.

बारीकपणाचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आणि २४ टक्के जादा वजनाच्या किंवा स्थूल आहेत, तर ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मीरा-भाईंदरमधल्या घोडबंदर रस्त्यावरील चेण्यासारख्या भागात पाड्यावरची बाई गरिबीमुळे अर्धपोटी असते, तर नव्या इमारतीतली मुलगी हौसेने नव्हे, वजनाच्या धास्तीने. दोघींना एकच उपाय चालणार नाही.

सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’ (२०१६) या मराठी चित्रपटाने वजनाची ही धास्ती पडद्यावर आणली. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी वजन वाढवले होते.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या विचार-वर्तनोपचारात सुरुवातीलाच ठरावीक वेळी खाणे सुरू करतात. त्याच्या जोडीला काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय चालले होते, याची नोंद पहिल्यापासून ठेवतात. भावना सहन करण्याची कौशल्ये शिकवली जातात. बुलिमियात काही औषधांचाही उपयोग होतो. घरच्यांनी वजनावर बोलणे थांबवावे आणि ताटावर पहारा न ठेवता एकत्र जेवावे. चक्कर, छातीत धडधड किंवा रक्ताची ओकारी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे. जे. रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. घरातून पाऊल टाकणे जड वाटले तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, कोणत्याही वेळी बोलता येते.