मशीन घरात, चावी ब्राउझरात

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या बदनावरच्या घरात एक काम वाट बघत असतं: आईचा हयातीचा दाखला. आई निवृत्त शिक्षिका. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन अडकते, आणि तिची औषधं, दूध, कामवाल्या बाईंचा पगार सगळं त्यातूनच चालतं. गुडघ्यांमुळे तिला बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून २०२४ साली मी बोटाचे ठसे घेणारं छोटं मशीन मागवलं.

मशीन दिसायला साधं, यूएसबीची वायर लावली की दिवा लागतो. पण नुसत्या दिव्याने काम होत नाही. ठसा उघडा कुठे जाऊ नये म्हणून आधारच्या नियमाप्रमाणे मशीनची नोंदणी लागते आणि कॉम्प्युटरवर 'आरडी सर्व्हिस' नावाचा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. नियम योग्यच आहे. पण डब्यात ना सीडी, ना पुस्तिका, फक्त एक क्यूआर कोड. सीरियल नंबर टाकायचा तो कंपनीच्या वेबसाइटवर, वर्षाची फी भरायची तीही तिथेच, आणि मशीन चालतंय का हे बघायचं तेही तिथल्याच एका पानावर.

पहिल्या वर्षी जमलं. २०२५ च्या नोव्हेंबरात तेच मशीन, तोच कॉम्प्युटर, फी भरलेली, आणि पानावर 'डिव्हाइस नॉट रेडी'. हेल्पलाइनवरचा मुलगा तीन वेळा म्हणाला, "मैडम, कैश क्लियर कर लीजिए." केली. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं तर पान म्हणे, फक्त क्रोममध्येच चालेल.

दोन संध्याकाळी घालवल्यावर कारण कळलं. ते पान मशीनशी थेट बोलत नाही. आपल्याच कॉम्प्युटरच्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर ते आरडी सर्व्हिसला शोधत फिरतं. ऑक्टोबर २०२५ अखेरीस क्रोमची १४२ वी आवृत्ती आली. तेव्हापासून कुठल्याही वेबसाइटला आपल्या कॉम्प्युटरशी किंवा घरच्या राउटरशी असं बोलायला आपली परवानगी लागते. हे आपल्या भल्याचंच आहे, नाहीतर कुणीही घरात डोकावेल. पण कंपनीचं पान अजून जुन्या 'एचटीटीपी'वर, आणि अशा पानासाठी क्रोम परवानगी विचारतही नाही, दारातूनच परत पाठवतो. ब्राउझर बदलला, पान बदललं नाही, आणि मधल्यामधे अडकली आईची पेन्शन.

हे नवीन नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीने जुने प्लगइन बंद केले, तेव्हा जावावर चालणाऱ्या डिजिटल सहीच्या डोंगलवाल्यांचीही अशीच पंचाईत झाली. आमच्या ओळखीच्या एका करसल्लागार काकांनी त्या कामासाठी इंटरनेट एक्सप्लोररचा एक कॉम्प्युटर वर्षानुवर्षं अपडेट न करता, देव्हाऱ्यासारखा जपून ठेवला होता. १५ जून २०२२ ला एक्सप्लोररच निवृत्त झाला. त्याला हयातीचा दाखला लागत नाही, एवढंच.

माझं म्हणणं इतकंच, की पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबरोबर ती तपासायचा एक छोटा प्रोग्रॅम द्या, जो ब्राउझरशिवाय चालेल. नोंदणीला नेट लागणारच, ते समजू शकते. दिवा लागतो की नाही हे सांगायला कशाला हवी वेबसाइट?

तोडगा शेवटी आईनेच काढला. "अगं, पोस्टमनला सांग ना, सत्तर रुपयांत घरी येऊन करतात." पोस्ट पेमेंट्स बँकेची ही घरपोच सेवा नोव्हेंबर २०२० पासून आहे. पोस्टमनदादा मोबाइल आणि त्यांचं मशीन घेऊन आले. खडूने आणि भांड्यांनी झिजलेला आईचा अंगठा लागला नाही, मधलं बोट लागलं. चहा निवायच्या आत काम झालं. ज्यांची बोटं अजिबातच लागत नाहीत, त्यांना २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो. पुढच्या वेळी तेही करून बघू.

आमचं मशीन कपाटात आहे. त्याच्या वार्षिक फीची आठवण करून देणारा मेसेज मात्र न चुकता येतो, आणि तो सगळ्या ब्राउझरांत उघडतो.