बटणामागचा व्यवहार
(संगणकाची ओळख : लेखांक ५)

गेल्या लेखांकात संगणकाच्या पेटीतील अवयवांचा परिचय झाला. आज ती पेटी बटण दाबूनही निश्चल राहते, तेव्हा दोष कोठे शोधावा, हे पाहू.

१९८१ साली आयबीएमने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याच्या अंगाला एक भलामोठा लाल खटका होता व तो विजेचा प्रवाहच जोडी अथवा तोडी. १९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना प्रसृत केल्यावर बटणाचा हा अखत्यार संपला आणि त्याच्याकडे केवळ अर्ज करण्याचे काम उरले. हा अर्ज प्रथम मदरबोर्डाकडे जातो. मदरबोर्ड हिरव्या तारेच्या द्वारे वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला हुकूम सोडतो. एसएमपीएस १२, ५ व ३.३ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो, आणि तो स्थिर झाल्याची ग्वाही करड्या तारेने रुजू झाली, म्हणजेच प्रोसेसर आपला पहिला आदेश वाचावयास घेतो. ‘संगणक बिघडला’ ही तक्रार म्हणूनच फार मोघम होय. अर्ज कोणत्या टेबलावर तुंबला, एवढेच शोधावयाचे असते.

भिंतीवरील सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे, आणि एसएमपीएसच्या पाठीवरील खटका साफसफाईत कोणी बंद केला नाही ना, याची खातरजमा करावी. मग पुढचे बटण संशयित धरावे : मदरबोर्डावरील ज्या दोन पिनांना त्याची तार येते, त्या तार काढून पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडताच यंत्र सुरू झाले, तर गुन्हेगार सापडला.

तरीही हालचाल नसेल, तर भिंतीवरील वीज बंद करावी. कारण संगणक झोपलेला दिसला, तरी जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट अखंड वाहत असतात. नंतर चोवीस पिनांचा जोड मदरबोर्डातून उपसून त्यातील हिरवी तार एखाद्या काळ्या तारेशी जोडावी व वीज पुन्हा द्यावी. पंखा फिरला नाही, तर बहुधा एसएमपीएसच निकामी आहे. फिरला, तर मात्र त्याची निर्दोष मुक्तता झाली असे समजू नये; १२ व्होल्टच्या तारेवर मीटरने ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान आकडा दाखविला, तरच ती साक्ष ग्राह्य. एसएमपीएसची पेटी स्वतः उघडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तिच्यातील कपॅसिटर वीज तोडल्यावरही प्राणघातक विद्युत्संचय धरून ठेवू शकतात.

पंखे फिरतात, परंतु पडदा काळाच, हा प्रकार अधिक चकविणारा. येथे नवे भाग आणून जोडण्यापेक्षा असलेले काढीत जाणेच शहाणपणाचे : हार्ड डिस्क, जादा कार्डे, रॅमच्या जादा पट्ट्या दूर सारून यंत्राला अगदी किमान संसारावर आणावे. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने घासण्याचा दुरुस्तीवाल्यांचा प्रघात हास्यास्पद वाटला, तरी दमट हवेत तो पुष्कळदा फळाला येतो. एकही पट्टी न लावता मदरबोर्डाच्या भोंग्याने तक्रारीचे सूर काढले, तर आनंद मानावा, कारण प्रोसेसर शुद्धीवर असल्याचा तो पुरावा आहे. जुन्या मदरबोर्डावर कपॅसिटरांचे माथे फुगलेले दिसले, तर मात्र पुढचा खटाटोप बहुधा व्यर्थ. नाण्याएवढ्या बॅटरीवर सारा ठपका ठेवण्याची हौस अनेकांना असते. ती संपली, की बहुतेकदा घड्याळ चुकते, यंत्र अडत नाही.

पडद्यावर अक्षरे उमटली, पण विंडोज मात्र उघडेना, तर प्रकरण डिस्कच्या दफ्तरात गेले. त्याची तपासणी पुढील लेखांकात करू.