रुग्णाच्या सन्निध क्षयनिदान : उपकरणरचनेचा एक विचार

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच परततात. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावी एखाद्या मजुराचा बेडका तपासणीसाठी दूर धाडला आणि अहवालास आठवडा लागला, तर तो घ्यावयास रुग्ण गावात असेलच असे नाही. निदान बिनचूक असूनही वाया जाते. मध्यंतरी रोगाचा प्रसार मात्र चालूच राहतो.

सूक्ष्मदर्शकाने त्याच दिवशी उत्तर मिळू शकते. परंतु जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटर बेडक्यात ते सुमारे १०,००० तरी असावे लागतात. जंतूंची जनुकद्रव्ये शोधणारी चाचणी याहून पुष्कळच सूक्ष्म होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिलेले ‘जीनएक्स्पर्ट’ ही चाचणी एका बंद कुपीत दोन तासांच्या आत उरकते. मात्र त्यास अखंड वीज लागते, आणि ग्रामीण केंद्रात नेमका तिचाच भरवसा नसतो.

गोव्यातील मोल्बायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ या अडचणीतून वाट काढते. यंत्र विजेरीवर चालते. अभिक्रियेची द्रव्ये गोठवून-सुकविलेली असल्याने शीतपेटीवाचून ती दोन वर्षे टिकतात. निष्कर्ष सुमारे तासाभरात हाती येतो; जंतू आढळल्यास दुसऱ्या चिपेवर रिफाम्पिसिनला होणारा त्यांचा प्रतिरोध तपासता येतो. संघटनेने २०२० मध्ये या चाचणीची शिफारस केली. प्रयोगशाळा नुसती आकाराने लहान करणे म्हणजे असे उपकरण नव्हे. प्रयोगशाळेच्या भिंती जी स्थिरता पुरवीत होत्या, ती येथे उपकरणातच भरावी लागते.

अर्थात ती सर्वच भरता आलेली नाही. जनुकद्रव्य वेगळे केल्यावर त्यातील ६ मायक्रोलिटर चिपेवर हातानेच सोडावे लागतात. म्हणजे शिकविलेला हात हवाच. भारतासह चार देशांतील सूक्ष्मदर्शक केंद्रांत झालेल्या परीक्षणात, जंतुसंवर्धनाने सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी मूळ चिपेने ७३ टक्के, तर ‘प्लस’ चिपेने ८० टक्के ओळखले. उरलेल्यांच्या बाबतीत नकारार्थी निष्कर्ष अंतिम मानून चालणार नाही. शिवाय चिपांच्या साठवणीची मर्यादा २ ते ३० अंश सेल्सिअस आहे. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याखालची खोली ती कधीच ओलांडते. तेव्हा शीतपेटी नको म्हटले, तरी गारव्याची सोय केंद्राला करावीच लागते.