भूकंपग्रस्त गावातील चित्रीकरण

आपत्तीने उद्ध्वस्त झालेल्या गावात कॅमेरा घेऊन जावे काय? इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी (१९४०-२०१६) यांच्यापुढे हा प्रश्न कसा उभा राहिला, ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९८७ साली त्यांनी उत्तर इराणमधील कोकेर या खेड्यात शाळकरी मुलांवर एक चित्रपट केला. मुले तेथलीच होती. पुढे २१ जून १९९० रोजी मध्यरात्रीनंतर त्या परिसरात ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. ३५ हजारांहून अधिक माणसे दगावल्याचे मानले जाते. आपली बालकलाकार मंडळी वाचली की नाही, हे पाहण्यासाठी किआरोस्तामी मुलाला घेऊन मोटारीने निघाले. हाच प्रवास त्यांच्या १९९२ सालच्या चित्रपटाचा विषय झाला. चित्रीकरण अर्थातच नंतर झाले. म्हणजे भूकंपानंतरचे ते पहिले दिवस पडद्यासाठी पुन्हा उभे करावे लागले.

दिग्दर्शक ही गोष्ट लपवीत नाहीत. एक वृद्ध पाहुण्यांना घरी नेतो आणि सांगून टाकतो की हे घर चित्रपटापुरते त्याचे आहे. त्याचे स्वतःचे घर पडले असून तो तंबूत राहतो! दुसरीकडे, एवढ्या दुःखातही एक तरुण दूरचित्रवाणीचा अँटेना उभारीत आहे. त्याचेही आप्त गेले आहेत. पण फुटबॉलचा विश्वचषक चार वर्षांतून एकदाच येतो, असे तो म्हणतो. आमच्या मते मदतकार्याच्या कित्येक वार्तापटांपेक्षा हे दृश्य अधिक प्रामाणिक आहे.

१९९४ साली याच चित्रीकरणावर त्यांनी आणखी एक चित्रपट केला. त्यात हुसेन नावाच्या गवंड्याला दिग्दर्शकाने संवाद दिला आहे : भूकंपात माझे ६५ नातेवाईक गेले. हुसेन मात्र पुन्हा पुन्हा २५ म्हणतो, कारण त्याचे स्वतःचे २५ गेले आहेत. दिग्दर्शक प्रत्येक वेळी चूक सुधारतो आणि दृश्य पुन्हा घेतले जाते. ज्याची माणसे गेली त्याच्या तोंडी दुसऱ्याने ठरविलेला आकडा घालावा काय? आपत्तीग्रस्तांकडून 'दोन शब्द' वदवून घेणाऱ्या सर्वांनाच हा प्रसंग अस्वस्थ करील.

आणि ती मुले? १९९२ च्या चित्रपटात त्यांची भेट होतच नाही. मोटार चढण चढत असतानाच तो संपतो. प्रत्यक्षात ती बचावली होती. १९९४ च्या चित्रपटात ती दिसतात, अंमळ मोठी झालेली.