दाढी गेली, वेठ राहिली

रशियाचा झार पीटर १६९८ मध्ये पश्चिम युरोपचा दौरा आटोपून मॉस्कोस परतला आणि त्याने सरदारांच्या दाढ्या स्वहस्ते कापल्या. पुढे १७०५ मध्ये दाढीवर करही बसविला. हा प्रसंग चवीने सांगितला जातो; परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने पाहावयाचा कर वेगळाच आहे.

आरमार, खडे सैन्य, लोखंडाचे कारखाने, १७०३ पासून दलदलीत उभारलेले सेंट पीटर्सबर्ग आणि स्वीडनशी २१ वर्षे चाललेले युद्ध, या साऱ्याचा भार कोणी वाहिला? १७२४ पासून वसूल होऊ लागलेली डोईपट्टी याचे उत्तर देते. शेतकऱ्यांतील प्रत्येक पुरुष, मग तो तान्हा असो वा जराजर्जर, तिच्या पटावर आला. उमराव मात्र वगळले गेले. करदाता निसटू नये म्हणून परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी झाली. १७२१ च्या फर्मानाने तर व्यापाऱ्यांना कारखान्यांसाठी भूदासांसह गावे विकत घेण्याची मुभा मिळाली. यंत्रविद्या पश्चिमेकडून आली. तिच्यापुढे उभा केलेला मजूर मात्र वेठीचाच राहिला.

पीटरने रशियाला सामर्थ्य दिले, हे निर्विवाद. १७२२ च्या श्रेणीपटामुळे सामान्य कुळातील माणसालाही राजसेवेतून उमरावपदापर्यंत पोहोचता येऊ लागले, हेही खरे. परंतु भूदासत्व संपण्यास १८६१ साल उजाडावे लागले. सुधारणेचा हिशेब मांडताना कारखाने किती उभे राहिले, एवढेच मोजून भागत नाही; ते कोणाच्या डोईवर उभे राहिले, हेही विचारावे लागते.