मनगटाच्या मापाचं घड्याळ

मी बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी मुलानं मला घड्याळ दिलं. ‘बाबा, आता चष्म्याशिवायही वेळ दिसेल तुला,’ असं म्हणत त्यानं ते स्वतःच माझ्या मनगटावर बांधलं. भारदस्त, पोलादी, ४४ मिलिमीटरचं. काळ्या तबकडीत वाराचं आणि चोवीस तासांचं अशी दोन छोटी वर्तुळं वेगळी. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. आणि पंधराच दिवसांत ते कपाटात ठेवून जुनं ‘एचएमटी’ पुन्हा हातावर चढवलं.

कारण सांगायला संकोच वाटावा इतकं साधं होतं. ते शर्टाच्या कफाखाली जायचं नाही. लिहायला बसलं की टेबलाच्या कडेला आपटायचं. जमिनीवरून उठताना डावा हात टेकला की चावी हाताच्या पाठीत रुतायची. पण हे मुलाला सांगणार कसं? त्यानं हौसेनं आणलेलं. तेव्हा तो घरी आला, बेल वाजली, की मी ते लगबगीनं काढून घालत असे.

जुन्याकडे परत जाणं हेही काही खरं उत्तर नव्हतं. त्याची तबकडी पिवळी पडली होती आणि बारीक काटे मला दिसेनासे झाले होते. साठीच्या माणसाची पंचाईत अशी, की डोळ्यांना मोठं घड्याळ हवं असतं आणि मनगटाला लहान.

आमच्या तरुणपणी ही निवड नव्हतीच. एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला १९६१ साली. त्यातून निघालेलं ‘जनता’ कितीतरी मुंजींत, लग्नांत आणि पहिल्या पगारात घेतलं गेलं. त्याची रुंदी जेमतेम ३५ मिलिमीटर. पण ते कोणाला लहान वाटलं नाही. परदेशातही तसंच होतं. पटेक फिलिपचं ‘कलात्रावा’ १९३२ मध्ये आलं, ते साधारण ३१ मिलिमीटरचं. आज तेवढं घड्याळ दुकानदार थेट बायकांच्या काउंटरवर ठेवील.

मग घड्याळं एवढी वाढली कशी? १९६९ च्या नाताळात सेइकोनं टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. पुढं क्वार्ट्झ स्वस्त होत गेलं आणि अचूक वेळ कोणालाही परवडू लागली. महागडं घड्याळ घ्यायला वेळ हे कारण पुरेना. ते चारचौघांत दिसायला हवं झालं. ओदमार पिगेनं १९९३ मध्ये ४२ मिलिमीटरचं ‘रॉयल ओक ऑफशोअर’ काढलं, तेव्हा ते अवाढव्य वाटलं होतं. पूर्वी इटलीच्या नौदलातल्या पाणबुड्यांसाठी घड्याळं बनवणाऱ्या पानेराईनंही त्याच वर्षी मोठाली घड्याळं सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी आणली. पुढची वीसेक वर्षं मोठ्या घड्याळांची होती. मोबाइल आल्यावर तर वेळ बघायलाही घड्याळ लागेना. राहिला तो दागिना, आणि दागिना वाढायला कितीसा वेळ?

आता लाट ओसरते आहे. रोलेक्सच्या ‘एक्स्प्लोरर’चंच उदाहरण घ्या. १९५३ पासून ते ३६ मिलिमीटरचं होतं. २०१० मध्ये कंपनीनं ते ३९ चं केलं आणि २०२१ मध्ये पुन्हा ३६ वर आणलं. ट्यूडरनं २०१८ मध्ये ३९ मिलिमीटरचं पाणबुड्यांचं घड्याळ काढलं आणि २०२३ मध्ये ३७ चं. ही नावं तुमच्याआमच्या खिशाबाहेरची; पण सेइको, सिटिझन, टिसॉ आणि आपलं टायटन यांच्याकडेही ३६ ते ४० च्या दरम्यानची पुरुषांची घड्याळं मिळतात.

बँकेतल्या माणसाला आकड्यांची खोड असते. ३६ आणि ४४ यांत फरक फक्त आठ मिलिमीटरचा, असं वाटतं. पण तबकडी गोल असते, तिचं क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबानं वाढतं. ४४ चं घड्याळ ३६ च्या जवळजवळ दीडपट जागा खातं. पातळ मनगटावर ते पोळपाटासारखं दिसतं ते त्यामुळं.

आणि रुंदीच्या एका आकड्यावर भुलूही नये. पट्टा जिथं अडकवतात ती टोकं वरपासून खालपर्यंत किती लांब आहेत, ते आधी पाहावं. मनगटाचा वरचा सपाट भाग फूटपट्टीनं मोजावा. टोकं त्याच्या बाहेर डोकावली, तर घड्याळ तुमचं नव्हे. दुसरी गोष्ट जाडी. टायटननं २००२ मध्ये आणलेलं ‘एज’ सगळं मिळून साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं. तेवढा हट्ट नको, पण दहा-अकराच्या पुढं गेलं की घड्याळ कफाला अडतं.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. माझा इतके दिवस समज, की मोठं तेवढं स्पष्ट. ते खरं नाही. माझ्या ४४ च्या घड्याळात काळ्यावर करडे काटे होते आणि दोन वर्तुळांच्या गर्दीत ते हरवायचे. पांढऱ्या तबकडीवर जाडसर काळे काटे असतील, तर ३८ मिलिमीटरमध्येही वेळ एका नजरेत कळते. रेल्वे फलाटावरचं घड्याळ लांबून वाचता येतं, ते आकारामुळं आहे तितकंच साधेपणामुळं.

हे शहाणपण मला आलं ते चोरी पकडली गेल्यावर. एका रविवारी मुलगा चहाला आला. मी नेहमीप्रमाणं घड्याळ घालून बसलेला. त्यानं सहज माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘बाबा, चार वाजलेत. तुझ्याकडे सव्वाअकरा कसे?’ ते हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ. दोनेक दिवस पडून राहिलं की थांबतं. माझी जीभ अडखळली. मग सगळं सांगून टाकलं, कफापासून चावीपर्यंत.

तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसला. ‘आधी का नाही बोललास?’ एवढंच म्हणाला. ‘तुला मोठं हवं असेल असं मीच धरून चाललो.’ मलाही कुठं ठाऊक होतं? चाळीस वर्षं खातेदारांना त्यांच्या ऐपतीचं माप सांगणारा मी, माझ्याच मनगटाचं माप कधी घेतलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. ३८ मिलिमीटरचं, पांढऱ्या तबकडीचं, साधं घड्याळ निवडलं. पैसे मी दिले. ४४ चं आता त्याच्या रुंद मनगटावर आहे आणि तिथं ते छान दिसतं. ‘एचएमटी’ सूनबाईंनी मागून घेतलं. ३५ चा आकार त्यांना अगदी नेमका बसतो.

दुकानात घड्याळ बांधल्यावर मी हात काउंटरवर टेकवून मनगट पूर्ण वाकवलं आणि अंगाचा भार टाकला. चावी रुतली नाही.

‘बाबा, हे काय करतोयस?’ मुलानं विचारलं.

‘जमिनीवरून उठून बघतोय,’ मी म्हणालो.